बिस्किट, वाऱ्या आणि मामांचा ससा

सांगोल्याजवळच्या एका गावातून आलेलं पत्र, थोडं आखूड करून देते.

"नमस्कार डॉक्टर. डिसेंबरात मंगळवेढा रस्त्यावरच्या एका ढाब्यामागं हे कुत्रं सापडलं. मागचा पाय सुजलेला, अंगभर खरूज, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. नर आहे. दात बघून इथले डॉक्टर म्हणाले, दीड-दोन वर्षांचा असेल. उपचार केले आणि मग घरीच राहिला. आता खरूज गेली, केस आले. रंग बिस्किटासारखा म्हणून मुलीनं नाव ठेवलं बिस्किट. माझे मामा म्हणतात, हा अस्सल कारवानी आहे, शिकारी जातीचा, तोंड बघ, पोट बघ. ते त्याला वाऱ्या म्हणतात. गेल्या महिन्यात ज्वारी काढलेल्या रानात त्याच्यापुढून ससा उठला आणि हा असा सुटला की दोन रानं ओलांडून गेला, अर्ध्या तासानं जीभ लोंबवत परत आला. ससा मिळाला नाही. मामा म्हणतात, याला जरा शिकवलं तर ससा जायचा नाही, रात्री बॅटरी घेऊन जाऊ. शेजारच्या गावातला एक जण जोड लावायला मागतोय, पैसेही देतो म्हणतो. मध्ये यानं शेजाऱ्यांची एक कोंबडीही मारली. मला विचारायचं आहे ते असं: याची जात नक्की कशी कळेल, डीएनए तपासणी करावी का? यात शिकारीचा गुण खरंच आहे का, असेल तर वाढवावा का? आणि जोड लावू द्यावा का? फोटो पाठवलेत. उंची २६ इंच, वजन साडेअठरा किलो."

तुमच्या मामांना माझा नमस्कार सांगा, आणि ती बॅटरी आधी कपाटात ठेवायला सांगा.

तुमचे प्रश्न उलट्या क्रमानं घेतले असते तरी चाललं असतं, पण शिकारीचं आधी मिटवू, कारण बाकीच्यांना घाई नाही. ससा हा वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ च्या अनुसूचीतला प्राणी आहे. कलम ९ नुसार अनुसूचीतल्या प्राण्याची शिकार करता येत नाही. आणि शिकार म्हणजे काय, याची कायद्यातली व्याख्या मामांच्या व्याख्येपेक्षा बरीच ऐसपैस आहे. मारणं, पकडणं, फास लावणं, त्यासाठी जनावर हाकलणं आणि यातलं काहीही करून बघण्याचा प्रयत्न, हे सगळं शिकारच. म्हणजे ससा सुटला तरी माणूस सुटत नाही. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, त्यात साध्या गुन्ह्याचा दंड २५ हजारांवरून १ लाखापर्यंत गेला. कैद ३ वर्षांपर्यंत. ज्या मोटारसायकलवरून गेलात ती जप्त होऊ शकते ते वेगळंच.

बरं, कुत्र्याला अनुसूची वाचता येत नाही. तुम्ही सशामागं सोडलंत आणि पुढून काळवीट उठलं तर ते काळविटामागं जाणार. झुडपातून घोरपड निघाली तर घोरपडीवर. हे दोन्ही पहिल्या अनुसूचीतले, आणि तिथं शिक्षा किमान ३ वर्षं, जास्तीत जास्त ७. तुमच्याच जिल्ह्यात नान्नजला माळढोकासाठी राखलेलं माळरान आहे. अशा माळावर मोकळं कुत्रं काय करतं, ते त्या भागात काम केलेल्या कुणालाही विचारा. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारतातल्या कुत्र्यांनी ८० जातींच्या वन्यप्राण्यांवर हल्ले केल्याच्या नोंदी एकत्र केल्या होत्या, त्यातल्या ३१ जाती धोक्यात आलेल्या. ती सगळी काही शिकारी कुत्री नव्हती. तुमच्या-माझ्या दारातलीच होती.

मामा कदाचित म्हणतील, रानडुकरं मका उकरतात तेव्हा कायदा कुठं असतो? प्रश्न चुकीचा नाही. त्यासाठी वनखात्याकडं अर्ज करायची, नुकसानभरपाईची आणि खास परवानगीची वेगळी वाट आहे. त्या वाटेवर तुमच्या कुत्र्याचं काम नाही. पातळ कातडीचं, हलक्या हाडाचं कुत्रं डुकराच्या सुळ्यापुढं गेलं की काय होतं ते मी टाके घालताना पाहिलंय, आणि टाके घालायला काही उरलं नव्हतं तेही पाहिलंय.

आता जात.

फोटो मी तीनदा पाहिले. बाजूनं काढलेला तो एक फोटो पाहून मलाही पहिल्यांदा वाटलं, मामा म्हणतात ते खरं असावं. लांब निमुळतं तोंड, खोल छाती, वर ओढलेलं पोट. मग डिसेंबरातला फोटो शेजारी ठेवला. एक गोष्ट सांगते, ती कुत्री पाळणाऱ्यांच्या लवकर लक्षात येत नाही: उपाशी गावठी कुत्रं हुबेहूब कारवानी दिसतं. मांस उतरलं की तोंड लांब वाटतं, पोट आत जातं, पाय आहेत त्याहून उंच दिसतात, कमरेची हाडं वर येतात. महामार्गावरून उचललेली निम्मी कुत्री पहिल्या आठवड्यात 'हाउंड', म्हणजे शिकारी जातीची, असतात आणि चार महिने खाऊन-पिऊन झाल्यावर छानपैकी गावठी निघतात. त्यात २०२० च्या ऑगस्टमध्ये 'मन की बात'मध्ये मुधोळचं नाव आलं, तेव्हापासून तर लांब तोंडाचं प्रत्येक कुत्रं मुधोळ झालंय.

आधी नावांचा घोळ सोडवते. कारवानी आणि मुधोळ ही दोन वेगळी कुत्री नाहीत. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या वहीत 'कॅरव्हान हाउंड' आणि इंडियन नॅशनल केनेल क्लबच्या वहीत 'मुधोळ हाउंड', जनावर तेच. मुधोळ म्हणजे बागलकोट जिल्ह्यातलं, तुमच्यापासून फार लांब नसलेलं, घोरपड्यांचं जुनं संस्थान. तिथल्या मालोजीराजे घोरपड्यांनी गावोगावची ही कुत्री गोळा करून वाढवली, आणि त्यातली एक जोडी इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जला भेट दिली, असं सांगतात. मुधोळ हे नाव जगाला कळलं ते तिथून. २००५ मध्ये टपालखात्यानं देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यांत हा आहे. पण राजेसाहेबांच्या कितीतरी आधी ही कुत्री तांड्यांबरोबर आणि मेंढरांच्या वाड्यांवर होती. कारवान म्हणजे तांडाच. मराठवाड्याकडं कानाला आणि शेपटीला रेशमी झालर असलेल्याला पश्मी म्हणतात. तुमच्याकडचा काही पश्मी नाही, एवढं मी फोटोवरूनही सांगते.

आता बिस्किटाला सावलीत उभा करा आणि मामांनाही बोलवा, कारण हे काम त्यांच्या हातचं आहे. उंची मोजताना डोक्यापासून नको. मान जिथं पाठीला मिळते तिथल्या उंचवट्यापासून सरळ जमिनीपर्यंत टेप धरा. तुमचे २६ इंच तिथले असतील तर कारवानी नराला ते जरा कमीच, मादीला साजेसे. छातीचा तळ पुढच्या पायाच्या कोपरापर्यंत पोचतो का ते बघा. पंजे बघा: गावठी कुत्र्याचा पंजा गोल, मांजरासारखा मुठीत आवळलेला, पळणाऱ्या हाउंडचा लांबट, मधली दोन बोटं पुढं आलेली, सशाच्या पावलासारखी. (काय योगायोग आहे.) कपाळ आणि नाक यांच्यामध्ये गावठी कुत्र्याला बऱ्यापैकी खाच असते, हाउंडला जवळजवळ नसावी, वरून बघितलं तर डोकं लांब पाचरीसारखं. मग कंबर. कारवानी जाणणारे जुने लोक कमरेवर तळवा ठेवून दोन्ही हाडांच्या टोकांमध्ये किती बोटं मावतात ते बघतात. तीन-चार मावली की मान डोलावतात. मामांना हे माहीत असेल, नसेल तर त्यांना सांगू नका की मी सांगितलं.

आणि शेपटी. तुम्ही पाठवलेल्या पाचही फोटोंत शेपटी पाठीवर वळलेली आहे, एका फोटोत तर पुरी कडी. कारवानीची शेपटी खाली बसवलेली, लांब, टोकाला थोडी वर उचललेली. पाठीवर कडी करणं हे आपल्या गावठी कुत्र्याचं लक्षण. कानही तसेच: कारवानीचे कान डोक्याला लागून पडलेले, गावठीचे ताठ, आणि तुमच्या बिस्किटाचे अर्धे उभे राहून टोकाला मोडलेले, म्हणजे दोघांच्या भांडणात तडजोड झालेली.

तेव्हा माझं मत असं की हे गावठी आणि हाउंड यांचं मिश्र रक्त आहे. हाउंड किती, हे फोटोवरून सांगणारा माणूस एकतर देव किंवा दलाल. संकरात रूप कसं फिरतं याचा एक गाजलेला प्रयोग आहे. अमेरिकेत बार हार्बरच्या प्रयोगशाळेत स्कॉट आणि फुलर या दोघांनी बसेंजी आणि कॉकर स्पॅनियल या दोन जातींचा संकर केला. पहिल्या पिढीतली पिल्लं ना धड बसेंजी ना कॉकर, भलत्याच कुत्र्यासारखी. दुसऱ्या पिढीत तर सख्खी भावंडंही एकमेकांची वाटेनात. तुमच्या कुत्र्याची आई मंगळवेढ्याच्या बाजारातली गावठी आणि आजोबा कारवानी असं असू शकतं, उलटंही असू शकतं.

डीएनए तपासणीवर पैसे घालवू नका. ती खोटी असते म्हणून नाही. त्यातलं उत्तर येतं ते तपासणाऱ्यांकडं साठवलेल्या नमुन्यांशी ताडून, आणि ते नमुने बहुतांशी परदेशी जातींचे. आपल्या जातींचे कमी. मग सांगोल्याच्या कुत्र्यात कुठल्यातरी रशियन किंवा अरबी हाउंडचे अमुक टक्के निघतात, तुम्ही ते चौकट करून लावता, आणि कुत्रं होतं तसंच राहतं.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे जात कळून तुमचा दुसरा प्रश्न सुटतच नाही. २०२२ मध्ये 'सायन्स' या विज्ञानाच्या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. अमेरिकेतल्या १८ हजारांहून जास्त कुत्र्यांच्या मालकांकडून वागणुकीची माहिती घेतली, २ हजारांहून जास्त कुत्र्यांचा डीएनए वाचला. दोन कुत्र्यांच्या वागण्यात जो फरक दिसतो त्यातला सरासरी ९ टक्केच फरक जातीनं उलगडतो, असं त्यात निघालं. माझ्या दवाखान्यातला अनुभव त्याच्या फार विरुद्ध नव्हता. उंच, देखणा, कागदपत्रांचा कारवानी मी पाहिलाय जो शेळीच्या करडाला घाबरून मालकाच्या पायात शिरायचा. आणि एका हॉटेलामागचं आखूड पायांचं काळं कुत्रं घुशी धरायचं ते असं की हॉटेलवाला त्याला पगार म्हणून रोज दोन अंडी द्यायचा.

म्हणून 'शिकारीचा गुण आहे का' हा प्रश्न जरा फोडून बघू. शिकार ही एक क्रिया नाही, ती साखळी आहे. दिसणं, नजर रोखणं, दबा धरून सरकणं, पाठलाग, झडप, मग मारणं, मग फाडून खाणं. माणसानं हजारो वर्षं कुत्री पाळताना या साखळीतल्या वेगवेगळ्या कड्या वाढवल्या नाहीतर दाबल्या. पॉइंटर नजर रोखतो आणि तिथंच गोठतो. मेंढ्या वळवणारा कोली दबा धरतो, पळतो, पण धरत नाही. हाउंडमध्येही दोन घराणी: नाकाचे आणि नजरेचे. नाकाचे मागावर डोकं खाली घालून तासन्‌तास चालतात. कारवानी नजरेचा. त्याच्यात पाठलाग आणि झडप या दोन कड्या फुगवलेल्या. तो पळतो तेव्हा एका ढांगेत दोनदा चारही पाय जमिनीवरून सुटतात: एकदा अंग ताणलेलं असताना, एकदा आवळलेलं असताना. तुम्ही सशामागं जाताना पाहिलंत ते हेच असेल तर रक्तात काहीतरी आहे.

पण नुसतं सुटला यावरून फार अनुमान काढू नका. आपला ससा बीळ करत नाही. तो ढेकळात, गवताच्या खळग्यात अंग चोरून बसतो आणि पाय पडायची वेळ आली की नाकासमोरून फुटतो. नाकासमोरून काही फुटलं की जवळजवळ कुठलंही तरुण कुत्रं धावतं. बघायचं ते पुढचं: कान फडकण्याआधी मान वर होते का? लांबवर हललेलं काही, म्हणजे पलीकडच्या बांधावरचं पिशवीचं फडफडणं, तो आधी बघतो की नाक जमिनीला लावतो? नजरेआड झालं की सोडून देतो की वास घेत फिरत राहतो? अर्धा तास परत आला नाही म्हणजे बराच वेळ तो नाकानं शोधत होता. ते अस्सल नजरेच्या कुत्र्याचं काम नव्हे. इथंही तुमच्या गावठीनं आपली सही केलीय.

हे घरी सुरक्षितपणे तपासता येतं, आणि कुत्र्याला यासारखी मजा दुसरी नाही. पाच-सहा फुटांची बांबूची काठी घ्या, टोकाला तेवढीच दोरी, दोरीला जुन्या साडीची चिंधी. चिंधी जमिनीसरशी गोल फिरवा, मध्येच थांबवा, दिशा बदला. काठी मामांच्या हातात द्या. कुत्रं दबा धरतं, झडप घालतं, की चिंधी मिळाल्यावर डोकं झटकून 'मारतं', हे त्यांनाच पाहू द्या. पाच मिनिटं, त्याहून जास्त नाही, आणि दर दोन-तीन झेपांनी चिंधी त्याला जिंकू द्या. नाहीतर चिडतं.

म्हणजे गुण वाढवावा का, तर पळण्याचा वाढवा, धरण्याचा नको. या कुत्र्याला दिवसभर फिरवायची गरज नसते. असल्या कुत्र्यांना दिवसातून एकदा जीव तोडून पळायला मिळालं की उरलेला वेळ ती खाटेखाली झोपून काढतात. पंधरा मिनिटं पुरतात. प्रश्न जागेचा. तुमच्याकडं डाळिंबाची बाग असेल आणि तिला जाळीचं कुंपण असेल तर सोन्याहून पिवळं. काटेरी तार मात्र नको. हाउंडची कातडी कागदासारखी फाटते, आणि भरधाव कुत्र्याला तार दिसत नाही. ते नसेल तर सुट्टीच्या दिवशी शाळेचं भिंतीआतलं मैदान, मुख्याध्यापकांना विचारून. वेळ पहाटेची. तुमच्याकडचं एप्रिल-मेचं ऊन नऊ वाजताच कुत्रं आडवं करू शकतं. जेवण झाल्यावर दीड-दोन तास पळवू नका. खोल छातीच्या कुत्र्याचं पोट फुगून पीळ बसतो, आणि तो पीळ सोडवायला तालुक्याच्या गावी वेळेत पोचणं होत नाही.

उघड्या रानात मोकळा सोडू नका, किमान वर्षभर तरी नाही. पळताना त्याला तुमची हाक ऐकू येत नाही, म्हणजे कानांना येते पण मेंदू घेत नाही. तुमच्या भागात कठडा नसलेल्या विहिरी किती आहेत ते तुम्हाला माहीत आहे. करमाळ्याकडं असताना एक शेतकरी दादा रात्री दहा वाजता बैलगाडीत कुत्रं घालून घेऊन आले होते. देखणी कारवानी मादी. सशामागं गेली, ससा विहिरीच्या काठानं वळला, ही वळली नाही. उन्हाळ्याची कोरडी विहीर. पुढचे दोन्ही पाय गेले होते. दादा रात्रभर पायरीवर बसून होते, आणि पहाटे मला म्हणाले, बाई, ससा तर बारका होता हो.

फिरवायला नेताना साधा पट्टा घालू नका. हाउंडाची मान डोक्यापेक्षा जाड असते, मागं सरकलं की पट्टा कानावरून निघतो. रुंद पट्टा किंवा छातीचा हार्नेस घ्या. लांब दोरी बांधून मोकळं सोडायची युक्ती या कुत्र्यावर करू नका. वीस पावलांत त्याचा वेग असा असतो की दोरी संपल्याचा झटका मानेला बसतो. हाकेवर परत येणं घरातच शिकवा: शिट्टी, लगेच उकडलेल्या कलेजीचा तुकडा. दिवसातून दहा वेळा, महिनाभर, काही कारण नसताना. कलेजी फक्त शिट्टीला, एरवी कधीच नाही.

कोंबडीचं. आपल्याकडं जुने लोक मारलेली कोंबडी कुत्र्याच्या गळ्यात बांधून ठेवतात, म्हणजे म्हणे सवय मोडते. मोडत नाही, कुत्रं फक्त सडका वास घेऊन फिरतं आणि माशा जमतात. शेजाऱ्यांना कोंबडीचे पैसे देऊन टाका, मागितले नसले तरी. कोंबड्या मोकळ्या असतात त्या वेळात बिस्किट आत किंवा बांधलेला. बाहेर काढायचाच तर जाळीचं मुसकं, ज्यात तोंड उघडून धापा टाकता येतात असं. कोंबड्यांसमोर शांत बसला की कलेजी नाही, शाबासकी. याला वेळ लागतो, आणि काही कुत्र्यांच्या बाबतीत ते कधीच पूर्ण जमत नाही, मग कोंबड्या आणि कुत्रं यांच्यामध्ये दार हाच उपाय.

वजनाचं तुम्ही विचारलं नाहीत, पण साडेअठरा किलो अजून कमी आहे. वीसच्या पुढं जाऊ द्या. शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसल्या तर असू देत, पाठीचे मणके दिसता कामा नयेत. दूध-चपातीवर हे कुत्रं भरत नाही. अंडी, खिमा, भात आणि डाळ द्या. मटणाची शिजवलेली हाडं नकोत, ती फुटून आत टोचतात. गोचिडं रोज बघा, कानात आणि बोटांच्या बेचक्यांत. गोचिडतापानं मी जितकी कुत्री गमावली तितकी साप चावून नाही.

राहिला जोड. नको. स्पष्टच सांगते, कारण पैसे मध्ये आले की माणूस दुसऱ्या डॉक्टरकडं जाऊन विचारतो. याचे आईबाप ठाऊक नाहीत, आणि समोरचा माणूस पिल्लं 'अस्सल मुधोळ' म्हणून विकणार आहे, हे तुम्हाला आणि मला दोघांनाही माहीत आहे. दुसरं, अंगभर झालेली खरूज कुठल्या किड्याची होती? डेमोडेक्स असेल तर ती प्रवृत्ती पिल्लांत उतरते, असं कुत्रं जोडीला लावायचंच नसतं. कागदावर काय लिहिलंय ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. तिसरं कारण तुमच्याच कुत्र्याच्या भल्याचं. मोकाट कुत्र्यांमध्ये जोडातून पसरणारी एक गाठ असते, फुलकोबीसारखी वाढते, रक्त ठिबकतं. ती बरी होते, पण आठवड्याला एक अशी इंजेक्शनं किती तरी आठवडे घ्यावी लागतात. ती अनोळखी मादीकडून येऊ शकते, आणि रस्त्यावरच्या दिवसांत याला आधीच लागली असेल तर याच्याकडून जाऊही शकते.

त्यापेक्षा नसबंदी करून घ्या, वजन वीसच्या वर गेलं की. शस्त्रक्रियेच्या दिवशी डॉक्टरांना एक वाक्य नक्की सांगा: याच्यात हाउंडचं रक्त असावं. अशा कुत्र्यांच्या अंगात चरबी नसते, आणि थायोपेंटोनसारखी भुलीची औषधं त्यांच्या शरीरातून लवकर उतरत नाहीत. माहीत असलं की डॉक्टर दुसरं औषध वापरतात. जातीचा असा खराखुरा उपयोग तुम्हाला इथंच होणार आहे, बाकी कुठं फारसा नाही.

मामांशी भांडू नका. त्यांच्या लहानपणी घरी ससा येत असेल, सणासारखं जेवण होत असेल. माझ्या वडिलांच्या गोष्टींतही तेच होतं, आणि त्या गोष्टी सांगताना ते ज्या कुत्रीबद्दल बोलायचे तिचं नाव मला अजून पाठ आहे, सशांची संख्या नाही. पहाटे मैदानावर काठी आणि चिंधी घेऊन त्यांनाच पुढं करा. वाऱ्याला पळताना बघायचंय ना, रोज बघा म्हणावं.

आणि नावाचं काय ते घरात बसून ठरवा. मुलगी बिस्किट म्हणते, मामा वाऱ्या म्हणतात, आणि कुत्रं दोघांकडंही बघत नाही, असं पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय. शिट्टी शिकवायच्या आधी एक नाव पक्कं करा. मला विचाराल तर मुलीचं. खरूज झालेली असताना त्याला पहिल्यांदा हात तिनं लावला होता.